एकाच घरातले दोन घसे

पारोळ्याहून भाच्याचा फोन आला, "मामा, आई गेली." आदल्याच आठवड्यात अक्का माझ्याशी फोनवर भांडली होती. त्यामुळे पहिला विचार मनात आला तो असा, की ही बाई भांडण अर्धवट सोडून जाणाऱ्यांतली नव्हे... रडू नंतर आलं.

अक्का माझी चुलत बहीण. भडगावजवळ आम्ही एकाच घरात वाढलो, एकाच ताटात जेवलो, त्यामुळे आजारही वाटून घ्यायचो. एका थंडीत दोघांचेही टॉन्सिल सुजले. थुंकी गिळतानासुद्धा डोळ्यांत पाणी यायचं. आबांनी, म्हणजे आमच्या आजोबांनी, निकाल दिला, "पोऱ्याले धुळे लई जा. पोरले मीठना पानीन्या गुळण्या द्या."

धुळ्याच्या डॉक्टरांनी माझी जीभ दाबली, मी त्यांचं बोट चावलं. मिळालेल्या गोळ्या गालात दडवून म्हशीच्या गव्हाणीत थुंकत राहिलो. त्या वर्षी आमच्या म्हशीचा घसा फार उत्तम होता. पकडला गेलो, तर पुन्हा धुळे, आणि आता इंजेक्शनं. इतकी थेरं करूनही माझा इलाज पुरा झाला. आणि दोन्ही वेळा एसटीत माझ्या शेजारची जागा रिकामी होती!

घरी अक्काची 'पडजीभ पडली' म्हणून एका म्हातारीनं बोटाला राख लावून ती वर दाबली. अक्का रक्त थुंकली. ताप उतरला तशी धुणं घेऊन गिरणा नदीवर गेली. म्हणजे बरी झाली! मग घसा दर थंडीत धरू लागला. एकदा गुडघे, घोटे सुजले, तेव्हा आबा म्हणाले, "वाढतं अंग शे."

लग्नानंतर तिला चार पायऱ्या चढताना दम लागायला लागला. हृदयाच्या डॉक्टरांनी पहिलंच विचारलं, "लहानपणी घसा सारखा धरायचा? सांधे सुजायचे?" घशातल्या त्या जंतूंवर वेळेत पुरं औषध झालं नाही, तर काहींच्या हृदयाच्या झडपेवर बेततं म्हणे. बाहेर आल्यावर अक्का म्हणाली, "भाऊ, तुनी म्हैस मातर वाची गई." तेव्हा मी हसलो होतो. आज अंगाचा तिळपापड होतो.

दहाव्याला मंडळी म्हणत होती, "आयुष्यच तेवढं." कोणी म्हणालं, "मनाला लावून घेतलं तिनं." मनाला? अहो, झडपेला! तेवढ्यात कळलं, अक्काची नात सकाळपासून जेवली नाही. घसा दुखतोय, अंग तापलंय. एका आजीबाईंनी बाही सरसावली आणि राख मागितली. मी असा ओरडलो की भटजी मंत्र विसरले. "पोर शे, गुळण्यास्वरी बरी व्हई जाई," त्या म्हणाल्या. "गुळण्याही करेल, आजी! पण आधी डॉक्टर!" मी पोरीला उचललं ते थेट दवाखान्यात.

परवा पारोळ्याला गेलो. ताप उतरल्याबरोबर गोळ्या बंद करा, म्हणणारे येऊन गेले होते. भाच्याच्या बायकोनं त्यांना चहा पाजला आणि पोरीला डॉक्टरांनी सांगितल्या दिवसापर्यंत गोळ्या दिल्या. आता पोर अक्काच्या खाटेवर झोपली होती. शेवटची वर्षं अक्काला आडवं होता येत नव्हतं. भिंतीशी उशांवर उशा रचून ती बसल्या बसल्या डोळे मिटायची... त्या सगळ्या उशा पोरीनं लाथेनं खाली ढकलल्या होत्या, आणि हातपाय पसरून ती खाटभर आडवी झोपली होती.