चिंचणीच्या वाळूतलं लडाख

बोईसरच्या एका रसायनांच्या कारखान्यात आम्ही चौघं एकाच पाळीत होतो, आणि चौघांनाही एकदमच लडाखचं वेड लागलं. मोटरसायकलने जायचं, थेट लेहपर्यंत. आमच्यातला एक जण आधी जाऊन आला होता, निदान तसं तो सांगायचा. त्यामुळे तो आपोआप पुढारी झाला. तो देखभाल विभागात होता. एखादं यंत्र बंद पडलं की हमखास कँटीनमध्ये सापडायचा.

रविवारी सकाळी चिंचणीच्या किनाऱ्यावर आमची सभा भरायची. आम्ही घामाने निथळत बसलेलो आणि हा जाडजूड जाकीट घालून, गुडघ्यांना कवचं बांधून यायचा. "अंगाला सवय हवी," म्हणायचा. थंडीची सवय उकडून कशी होते, हे त्याला कोणी विचारलं नाही. मग विरळ हवा, बर्फाळ ओढे, खिंडीतले वारे यांवर व्याख्यान. मध्येच विरळ हवेवरचा उपाय म्हणून कापराची पुडी काढून हुंगायचा, समुद्राच्या काठावर बसून. बाकीचे दोघे माना डोलवायचे. टी-शर्टवर काय छापायचं यावर त्यांनी दोन महिने घालवले. गाडीच्या चेनला मात्र कोणी तेल घातलं नव्हतं.

एकदा सगळे आमच्या घरी चहाला आले. आई अंगणात बोंबील वाळत घालत होती. तिने पुढाऱ्याचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आमची मानसं दर्यात जातात, पन निघताना येवढं बोलत नाय." पुढाऱ्याला ते कौतुकच वाटलं.

पावसाळ्याआधी सराव म्हणून जव्हारला जायचं ठरलं. घाट सुरू झाला तसा पुढारी एका ट्रकच्या मागे लागला आणि वरपर्यंत तिथेच राहिला. वळणावळणावर त्याचा ब्रेकचा दिवा लाल. वर पोचल्यावर म्हणाला, "घाटात शिस्त महत्त्वाची."

परतताना पालघरला त्याच्याच घरी जेवण होतं. त्याची बायको हसतमुख, मोकळी. ती वाढत असताना मी सहज विचारलं, "वहिनी, मागच्या वेळी हे लडाखला गेले तेव्हा तुम्हाला काळजी वाटली असेल."

"काळजी कसली? मी बरोबरच होते की. मनालीहून टॅक्सी केली होती. यांना गाडी लागते ना, म्हणून पुढे बसवलं."

"हवामान खराब होतं," पुढारी ताटात बघत म्हणाला.

"छान ऊन होतं," वहिनी म्हणाल्या आणि कढी वाढायला वळल्या.

मला वाटलं, आता निदान हा गप्प बसेल. पुढच्या रविवारी तो पुन्हा जाकीट घालून हजर, आणि पुन्हा खिंडीतला वारा. बाकीच्या दोघांनी पुन्हा माना डोलवल्या. तोवर माझा राग त्याच्यावर होता, त्या सकाळी तो या दोघांवर गेला. खोटं बोलणाऱ्याला निदान थोडे कष्ट पडतात.

"टॅक्सीत वारा कुठल्या खिडकीतून येत होता?" मी विचारलं.

"तुला यायचं नसेल तर सांग," एक जण म्हणाला. पुढाऱ्याने जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढली. संध्याकाळी मला व्हॉट्सॲपच्या ग्रुपमधून काढलेलं होतं.

मग मी मोटरसायकलवर एकटाच लडाखला गेलो. फार शूरपणा नव्हता त्यात. एका खिंडीत डोकं इतकं दुखलं की रस्त्याकडेला गाडी लावून पोटातलं सगळं काढलं आणि शांतपणे मागच्या गावात उतरलो. दोन दिवस पडून राहिलो, तिसऱ्या दिवशी खिंड ओलांडली. वर उभा राहिलो तेव्हा मला काहीच थोर सुचलं नाही. फक्त कानाला शांत वाटलं.

परत कामावर आलो तर कारखान्याच्या फाटकाशी पुढारी भेटला. आजूबाजूला पाळी सुटलेले लोक उभे होते.

"डोकं दुखलं ना?" त्याने विचारलं.

"दुखलं."

"दुखणारच," तो लोकांकडे वळून म्हणाला, आणि माझं डोकं का दुखलं ते त्यांना समजावून सांगू लागला. ते सगळे मन लावून ऐकत होते.