तिघांची पोच

कंपनीत त्यांना सगळे पोस्टमास्तर म्हणायचे आणि खरं सांगायचं तर त्यांनाही ते आवडायचं. पत्र मात्र त्यांनी जन्मात कधी वाटलं नव्हतं. जिन्यामागच्या बिनखिडकीच्या खोलीत दोन स्क्रीनसमोर बसून ते एकच काम करत, आलेला निरोप कुठे कुठे जायला हवा ते ठरवणं. दुकानदाराने औषधांची ऑर्डर टाकली की तिची एक प्रत गोदामाला, एक बिलवाल्यांना, एक ट्रकवाल्यांना. कुणाला काय जावं याची यादी त्यांनी एकोणीस वर्षं बसून बांधली होती आणि तिला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे.

गेल्या वर्षी त्याच यादीत घोळ झाला. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी एक तातडीची ऑर्डर कंपनीच्या तिन्ही गोदामांना एकदम धाडली. ज्याच्याकडे माल असेल तो पाठवील, असा त्यांचा अंदाज. तिन्हीकडून निरोप मिळाल्याची पोच आली, बाई निर्धास्त झाल्या आणि माल एकानेही पाठवला नाही. प्रत्येकाला वाटलं, दुसरा पाठवील. पोस्टमास्तरांनी बाईंची चांगलीच हजेरी घेतली. "पोच म्हणजे मिळालं. करतो, असं कुणी म्हणालंय का?" मग त्यांनी नियमच बदलला. आधी एकाच गोदामाला विचारायचं, त्याचा होकार किंवा नकार घ्यायचा, मगच दुसऱ्याकडे जायचं.

घरी मात्र त्यांना विचारणारं कुणी नव्हतं. बायको जाऊन तीन वर्षं झाली होती. थोरला, मुलगी आणि धाकटा तीन शहरांत. बायको होती तेव्हा दर रविवारी तिघांना वेगवेगळा फोन करायची. तीच गुडघेदुखी, तोच गळका नळ, पण तिघांना तीन तऱ्हांनी. पोस्टमास्तर पेपराआडून टोमणा मारायचे, एकदाच सगळ्यांना लिहून टाक की, किती तो वेळ. ती त्यांच्याकडे बघायचीसुद्धा नाही. ती गेल्यावर त्यांनी फोनवर तिघांचा ग्रुप केला आणि रोज सकाळी एक निरोप टाकू लागले. तीन अंगठे यायचे. मग दिवसभर फोन गप्प असायचा.

उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकला तशी स्क्रीनवरची अक्षरं एकमेकांत मिसळू लागली. ऑपरेशन झालं नाही तर यादी दुसऱ्याच्या हाती सोपवावी लागणार होती आणि यादीही गेली तर त्यांच्यापाशी उरणार काय? डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, सोबत घरचं माणूस नसेल तर टेबलावर घेणार नाही. त्यांनी ग्रुपवर लिहिलं, 'गुरुवारी नऊला डोळ्याचं ऑपरेशन आहे. कुणीतरी सोबत लागेल.' दहा मिनिटांत तीन अंगठे आले आणि पोस्टमास्तरांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी आतल्या खोलीतल्या पलंगावर धुतलेली चादर घातली. बुधवारी कुणी आलं नाही. सकाळी परस्पर दवाखान्यात येईल, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

गुरुवारी बाकावर बसून त्यांनी फॉर्म भरला. सोबतच्या माणसाचं नाव, हा रकाना तेवढा कोरा राहिला. नर्सने विचारलं तेव्हा येताहेत म्हणाले. कोण, असं तिने विचारलं. कोण येतंय हे त्यांनाच ठाऊक नव्हतं. तीन गोदामं, तीन पोच! बाईंना ज्यावरून झापलं तेच ते स्वतः करून बसले होते. आणि नुसता विसरभोळेपणाही नव्हता तो. एकाला विचारलं की तो नाही म्हणू शकतो, याचीच त्यांना भीती होती. तिघांना मिळून विचारलं की नाही असं कुणीच म्हणत नाही. तीन वर्षं त्यांनी त्यावर दिवस काढले होते. त्यांना रडू आलं.

त्यांनी मुलीला फोन लावला. तिने पहिलं हेच विचारलं, दादा पोचला ना? तो आलेला नाही, असं त्यांनी सांगितलं.

"मला वाटलं तो येणार. तुम्ही मला कुठे म्हणालात, बाबा? आईने मला सांगितलं असतं, तू ये म्हणून."

ती चार तासांच्या अंतरावर होती आणि डॉक्टरीणबाई बाराला ऑपरेशनं आटोपून निघणार होत्या. नर्सने पुढच्या गुरुवारची तारीख दिली आणि फॉर्म परत त्यांच्या हातात ठेवला.

घरी आल्यावर सवयीने त्यांनी ग्रुप उघडला, तारीख लिहिली आणि एकेक अक्षर करून पुसली. मग मुलीचं नाव उघडलं. तिथे त्यांचा शेवटचा निरोप तीन वर्षांपूर्वीचा होता, आईला कुठल्या वॉर्डात ठेवलंय ते सांगणारा. त्याच्याखाली त्यांनी लिहिलं, 'पुढच्या गुरुवारी नऊला. तू येशील का?'

उत्तर लवकर आलं नाही. ते खुर्चीतून उठले नाहीत, चहासुद्धा केला नाही. तासाभराने फोन थरथरला. उजवा डोळा मिटून त्यांनी वाचलं, 'गुरुवारी मला नाही जमणार, बाबा. शुक्रवार घ्या. शुक्रवारी मी येते.'

त्यांनी दवाखान्यात फोन करून शुक्रवार मागून घेतला. मग फॉर्म उलगडला आणि कोऱ्या रकान्यात सावकाश, ठळक अक्षरांत मुलीचं नाव लिहिलं.