डी ड्राइव्हमधली पत्रिका

एका कॉम्प्युटरवर दोन ऑपरेटिंग सिस्टिम नांदू शकतात हे मला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला कळलं. कॉलेजच्या लॅबमध्ये लिनक्स होती, पण एका मशीनला आम्ही तिघी असायचो आणि माझा हात कीबोर्डला लागेपर्यंत तास संपायचा. घरी दादाचा विंडोज ९८ चा कॉम्प्युटर होता. तो दहावीनंतर शेती बघायचा आणि राजुरीतल्या आमच्या पडवीत लोकांच्या लग्नपत्रिका टाइप करून द्यायचा. छपाई नारायणगावला. त्यावर लिनक्स टाकू का, असं मी घाबरत विचारलं तर म्हणाला, "तुला कळतंय ना? मंग टाक. अण्णांची पत्रिका तेवढी जप."

अण्णा आमच्या भावकीतले थोरले. त्यांची नात निरगुडसरला दिली होती, तिच्या लग्नाची ही पत्रिका. पत्रिकेत भावकीतल्या प्रत्येक घराचं नाव लागतं, आणि कुणाचं वर, कुणाचं खाली, यावरून माणसं जेवणावरून उठतात. अण्णांनी लिहून आणलेल्या कागदावर त्यांच्याच धाकट्या भावाचं, आबांचं, नाव नव्हतं. सामाईक विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून दोघांचं बोलणं बंद होतं. दादानं तीन संध्याकाळी अण्णांना कॉम्प्युटरसमोर बसवून घेतलं. तिसऱ्या दिवशी अण्णा म्हणाले, "टाक बाबा. लई डोकं खातो. पर माज्या खाली लगेच नको, दोन नावं सोडून." दादानं ते टाकलं आणि तसाच जाऊन आबांच्या कानावरही घातलं. नवा कागद कुणी लिहिला नाही. ठरलं ते पडद्यावरच.

लॅबच्या सरांनी बजावलं होतं, आधी सगळं दुसरीकडे उतरवून घे. गणपतीच्या मोठ्या चित्रामुळे पत्रिकेची फाइल फ्लॉपीत मावेना. मी म्हटलं, दादाचं काम डी ड्राइव्हमध्ये आहे, त्याला हात लावायचाच नाही. लिनक्ससाठी ई ड्राइव्ह रिकामा केलाच होता.

भारनियमनामुळे सकाळी अकराला लाइट जाणार होती. साडेदहाला लिनक्सची सीडी विचारू लागली की कुठला भाग पुसू. तिथे सी, डी, ई अशी अक्षरंच नव्हती, नुसते आकडे. एक, पाच आणि सहा. पाच आणि सहा अगदी सारख्या मापाचे. सरळ क्रमानं मोजलं असतं तरी कळलं असतं, एक म्हणजे सी, पाच डी, सहा ई. पण मध्येच लाइट गेली तर काय, या भीतीनं मी पाच दिला.

अकराच्या आत काम झालं. मशीन चालू होताना दोन नावं दाखवून विचारत होतं, कशात जायचं? मी आईला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, "बरं दिसतंय." मग विंडोजमध्ये जाऊन डी उघडला. तो रिकामा होता. ई दिसतच नव्हता. मी डी पुसला होता, आणि रिकामा ई आता डी म्हणून समोर बसला होता. तेवढ्यात लाइट गेली. मी अंधाऱ्या पडद्यासमोर तशीच बसून राहिले.

दादा शेतातून आला तेव्हा सांगितलं.

"समदंच गेलं?"

"हो."

तो रागावला नाही. नुसता म्हणाला, "अण्णा संध्याकाळी येत्यात."

अण्णांनाही मीच सांगितलं. ते हसायलाच लागले. "बघा, मशिनीलाबी पटलं न्हाई!"

"अण्णा, तुमीच हो म्हनले व्हते," दादा म्हणाला.

"म्हनलो व्हतो. आता न्हाई म्हनतो. जुना कागुद हाय ना? त्यावर हाय तेवढंच लिवा."

"अण्णा, मी आबांना सांगून बसलोय."

"मला इचारून सांगितलं व्हतं का?"

दादा उठून बाहेर गेला. मी टाइप करत होते. अण्णांच्या खालची दोन नावं झाल्यावर, आबांच्या जागी, थांबले. अण्णांनी पडद्यावर बोट ठेवलं, "पुडचं घे." मी पुढचं घेतलं.

पत्रिका छापून आल्यावर आबांकडे जायला दादा तयार होईना. "मला तोंड न्हाई," म्हणाला. मी गेले. आबा कांदे निवडत होते. हात पुसून त्यांनी पत्रिका घेतली आणि नावांवरून बोट खाली नेलं. मग पुन्हा वरपासून. मी न थांबता सगळं सांगून टाकलं, आकड्यांची चूक, लाइट, सगळं.

"चुकून पुसलं, ते कळतं मला," आबा म्हणाले. "मशीनच ती. पर दुसऱ्यांदा लिवताना कुनी हात धरला व्हता का गं तुजा?"

कुणी धरला नव्हता. त्यांनी पत्रिका घडी करून बंडीच्या खिशात घातली आणि परत कांद्यांपाशी बसले. लग्नाला त्या घरातलं कुणी आलं नाही.