आधी त्यांच्या कॉम्प्युटरवर

वसमतला आम्हा नवरा-बायकोचं टायपिंगचं दुकान होतं. सिस्टीमचं नवं अपडेट आलं की हे आधी स्वतःच्या कॉम्प्युटरवर टाकायचे. तिथं मराठी फॉन्ट आणि प्रिंटर आठवडाभर बिनतक्रार चालले, तरच माझ्यावर. मला राग यायचा.

"नवं सगळं आधी तुमालाच काहून?"

"गिऱ्हाइकाची कामं तुझ्या कॉम्प्युटरवर हायेत. माझं बंद पडलं तरी चालते, तुझं पडून न्हाई चालायचं."

ते गेल्यावर मी पहिल्यांदा दुकान उघडलं, तर माझ्या स्क्रीनवर अपडेटची सूचना आलेली. मी उठले, त्यांचा कॉम्प्युटर चालू केला आणि त्यांच्या खुर्चीत बसले. खुर्ची त्यांच्या उंचीला लावलेली होती. माझे पाय जमिनीला टेकले नाहीत.