सुतकाचं अंतर

देवळाच्या दारात फुलं विकत माझी हयात गेली, पर गंगाधर गुरुजींवानी हौसेनं देवीला नेसवणारा पुजारी मी न्हाय बघितला. आमच्या पेठेतल्या ह्या देवीची पूजा वेगवेगळ्या घरांत पाळीनं फिरती. गुरुजींना नवरात्राची पाळी बारा वर्सांनी यंदा आली, तवर गुडघे गेलेले. ही शेवटचीच, असं सोताच म्हणायचे.

आणि घटाच्या आदल्या दिशी गुवाहाटीस्नं फोन आला. नोकरीपायी तितंच राहिलेला चुलतभाऊ देवदत्त गेला. एका ताटात जेवून वाढलेले दोघं! आता सूतक लागलं, म्हंजे दहा दिवस देवाला शिवायचं न्हाय. पाळी गेली की वो!

पर गुरुजी वस्ताद. लांब देशी, मोठ्या नदीपल्याड, दुसऱ्या भाषेच्या मुलखात मेलेल्याचं सूतक नुसत्या आंघोळीनं फिटतं, असं काय तरी जुन्या पोथ्यांत हाय म्हणं. त्यांनी मोबाइल काढला, सोलापूर ते गुवाहाटी विमानाचं अंतर बघितलं. रस्ता वळणावळणाचा, त्यावर कुणीबी वाद घालंल. विमान सरळ जातं.

"अठराशे किलोमीटरच्या वर! मधे गंगा. भाषासुद्धा वेगळी," बायकोला सांगितलं.

"अहो, पण आपले भावजी गेलेत," प्रेमलाकाकू म्हणाल्या. हे मला त्यांनीच सांगितलं.

गुरुजी आंघोळ करून देवळात गेले. मला लई राग आला, पर मी कोण बोलणार? तीर्थ दिलं त्यांनी, मी बी पिले.

चौथ्या माळेला देवदत्तची लेक चेतना आली. वडलांच्या अस्थी भीमेत सोडायच्या होत्या. गुरुजींच्या घराला कुलूप बघून देवळाकडं आली आणि पायरीखालीच थांबली.

"आत जा की बाई," मी म्हटलं.

"नको मावशी, सूतक आहे मला."

तेवढ्यात तिला आत सोवळं नेसलेले, तीर्थाची पळी हातात घेतलेले काका दिसले. पोरगी बघतच राहिली. गुरुजी दारापाशी आले आणि विचारलं नसतानाच सांगायला लागले, "अगं, विमानानंसुद्धा अठराशे किलोमीटर... शास्त्रात..."

"आजच्याच विमानाचं तिकीट काढलं होतं बाबांनी," ती म्हणाली. "तुमची पाळी बघायला. सकाळी निघालो की रात्री दादाच्या घरी, लांब कुठंय, म्हणायचे."

गुरुजींचं तोंड काळंठिक्कर पडलं. पळी ठेवली, भरल्या देवळात हात जोडले. "मला सूतक आहे. तुम्हाला सगळ्यांना फसवलं मी. पुढच्या घराला बोलवा, देऊळ धुऊन घ्या."

बाहेर येऊन माझ्या टोपलीशेजारी भुईवर बसले. मान काय वर उचलंना. तेवढ्यात रस्त्यावरनं नुकतीच आलेली एक बाई नेहमीसारखी पाया पडायला वाकली. गुरुजींनी झटदिशी पाय आखडले.

"शिवू नका. सूतक आहे मला."

"आई गं! कोण गेलं?"

"भाऊ माझा," म्हणाले, आणि बातमी आल्यापासनं पैल्यांदा रडले.