ब्लॉकमधला आरसा

माझी मोटरसायकल इतका धूर सोडायला लागली होती की लालबागच्या सिग्नलला मागचे लोक मला शिव्या घालत आणि मी वळून त्यांना. शेवटी शिवडीच्या मिस्त्रीकडे इंजिन उघडलं. त्याने ब्लॉक, म्हणजे पिस्टन ज्यात वरखाली होतो तो भाग, आतून कातून बोअर केला आणि होनिंगला बसला. ड्रिलला लावलेले घासायचे दगड तेलात भिजवून ब्लॉकमध्ये फिरवायचे, आणि त्याच वेळी हात एका लयीत खालीवर करत राहायचं. आतल्या भिंतीवर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक तिरक्या रेघा उमटल्या.

"ताई, ह्या रेघांत तेल थांबतं. रेघा गेल्या की पिस्टनच्या रिंगा बसणार नाय. परत धूर," मिस्त्री म्हणाला.

जोडणी मी घरी स्वतः करणार होते. फिटरची मुलगी आहे, तेवढी मिजास असणारच. दसऱ्याला गाडीला हार घालून बाबांना मागे बसवून फिरवायचं ठरलं होतं. मोरीत गरम पाण्याने आणि साबणाने ब्लॉक धुतला. पांढरं फडकं आत फिरवून ते पांढरंच बाहेर येईपर्यंत धुतला, लगेच तेल लावलं आणि ऑफिसला गेले.

संध्याकाळी बाबा दारातच उभे. ब्लॉक फडक्यात बांधून छातीशी धरलेला.

"बघ गो बाय, तोंड दिसता!" गाठ सोडत ते म्हणाले.

खरंच दिसत होतं. माझंच, आ वासलेलं. एक रेघ शिल्लक नव्हती.

"त्या मिस्त्रीन ओरखडे मारून ठेवल्यान हुते," बाबा म्हणाले. "झिरो पेपरान दुपारभर घासलंय. आमच्या मिलीत असला काम चालाचा नाय."

गिरणीत त्यांच्या हातच्या कामात आरसा दिसायचा, हे मी लहानपणापासून हजार वेळा ऐकलंय. तो आरसा ते माझ्या इंजिनात घालतील हे मात्र सुचलं नव्हतं. माझा संताप जिभेच्या टोकावर आला. पण त्यांची बोटं काळी झाली होती आणि चेहरा असा खुलला होता, की गिरणी बंद झाल्यापासून मी तो तसा पाहिला नव्हता. ऐंशी पार केलेल्या माणसाला आता कुणी नळाचा वायसरसुद्धा बदलायला सांगत नाही. मीही नाही. माझीच मला लाज वाटली. बाबांनी ब्लॉक परत फडक्यात बांधून ठेवला, मी ठेवू दिला.

दुसऱ्या दिवशी बाबा सकाळच्या फेरीला गेल्यावर ब्लॉक पिशवीत टाकून शिवडी गाठली. मिस्त्रीने आत डोकावून पाहिलं, मग माझ्याकडे.

"दाढी करायला घेतला होता काय?"

"वडील फिटर होते."

"मग बरोबर," तो म्हणाला. माप घेतलं, नशिबाने मापात होतं. परत रेघा मारून दिल्या. घरी येऊन ब्लॉक परत धुतला, तेल लावलं, त्याच फडक्यात बांधून जागेवर ठेवला. रविवारी बाबा वरच्या मजल्यावर पत्ते खेळायला गेले तेवढ्यात तो इंजिनावर चढवलासुद्धा.

दसऱ्याला हार घातला, किक मारली. सुरुवातीला जरासा धूर आला, मग साफ. सगळी चाळ गॅलरीत जमली होती. बाबांनी वर बघून जाहीर केलं, "आतून आरसो केलंय मी!" टाळ्या पडल्या. सगळी धावपळ माझी, टाळ्या त्यांना. जाम जळले, पण हसत राहिले.

प्रभादेवीला सिग्नल हिरवा मिळाला.

"फडक्याची गाठ माझी नव्हती," अचानक कानाशी बाबांचा आवाज आला.

माझा हात अ‍ॅक्सिलरेटरवरून सुटला. गाडी सिग्नलला थांबली, मागून हॉर्न सुरू झाले, आणि पहिल्यांदाच मला कुणाला शिवी सुचेना.

"सोडून बघलंय तर आत परत रेघा! त्यो कित्याक ता मिस्त्रीक फोन करून इचारलंय. बरोबर आसा तेचा," बाबा म्हणाले. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून, "पुढच्या खेपेक माझ्यासमोर ठेवू नको, बाय. हात शिवशिवतत."