सामान हलताना मालकाने घरात थांबू नये

मुकादमांनी हयातभर लोकांची घरं हलवली. घरं म्हणजे भिंती वगळून जे उरतं ते : पलंग, कपाटं, आरसे, कोणाचा तरी पियानो आणि एकदा एका निवृत्त न्यायाधीशांची माशांची पेटी, माशांसकट. एवढ्या उचलाउचलीत त्यांच्या हातून कपाचा कानदेखील उडाला नव्हता. ही गोष्ट ते स्वतःहून सांगत नसत. समोरच्याने विचारायची वाट बघत, आणि तो विचारत नाहीसं दिसलं की विषय हळूच कपांकडे नेत.

निवृत्त झाल्यावर हलवण्याजोगं काही उरलं नाही. घरातला सोफा त्यांनी एकेका भिंतीला लावून पाहिला. शेवटी बाई म्हणाल्या, “अहो, तो सोफासुद्धा दमला आता. बसा जरा त्याच्यावर.”

बाई म्हणजे त्यांच्या पत्नी. त्या शब्दकोडी रचत. त्यांचं कोडं दर रविवारी पेपरात येई आणि त्यासाठी शनिवारी संध्याकाळी पाचच्या आत कचेरीत पोचावं लागे. ते पोचलं नाही तर त्या जागी गाद्यांची जाहिरात जाईल, असं संपादकांनी अत्यंत सौम्य शब्दांत कळवून ठेवलं होतं. बाईंचा आजवर एकही रविवार चुकला नव्हता. म्हणजे त्या घरात विक्रम दोन होते, आणि दोन्ही एकाच शनिवारी पणाला लागले.

कोडी राहत ती कॉम्प्युटरमध्ये. त्याच्या कॅबिनेटने आता अंथरूण धरलं होतं. चालू करायचं बटण आत गेलं होतं ते बाहेर यायचं नाव घेत नव्हतं. बाई ते विणायच्या सुईने दाबत. एक बाजू सुतळीने आवळलेली होती, आणि पंखा असा घरघरत असे की फोनवर बोलणारा माणूस आवाज खाली आणून विचारी, “घरात कोणी आजारी आहे का?” परगावी असलेल्या मुलीने न राहवून नवं कॅबिनेट पाठवून दिलं, एका बाजूला काच असलेलं.

“दुरुस्तीवाल्याला बोलवा आणि आतलं सामान यात हलवून घ्या,” तिने फोनवर सांगितलं.

‘सामान हलवून घ्या’ हे शब्द मुकादमांच्या कानावर पडायला नको होते.

“मी जिवंत असताना या घरातलं सामान परका माणूस हलवणार?”

“बाबा, ते कपाट नाहीये.”

“कॅबिनेट म्हणजे कपाटच. इंग्रजी आम्हालाही येतं.”

शनिवारी सकाळी मुकादमांनी टेबलावर चादर अंथरली. बाई पुढे आल्या. “कोडं झालंय माझं. एकदा नजर फिरवते आणि पाठवते, मग काय तो गोंधळ घाला.”

“दुपारी नव्या घरातून पाठव. आणि तू बाहेर जा.”

“मी कशाला?”

“सामान हलताना मालकाने घरात थांबू नये. मालक रडतात. बांधलेली खोकी उघडून बघतात.”

बाई बाहेर गेल्या, म्हणजे गॅलरीपर्यंत. तिथे खुर्ची घराकडे तोंड करून ठेवली आणि विणकाम काढलं.

मुकादमांनी कामाला शास्त्रशुद्ध सुरुवात केली. त्यांच्या धंद्याचा पहिला नियम : उचलण्याआधी प्रत्येक खटका बंद करायचा आणि वर चिकटपट्टी मारायची, म्हणजे वाटेत कोणाचा हात लागून भलतंच काही सुरू व्हायला नको. कॉम्प्युटरच्या मागे, वीजपुरवठ्याच्या पेटीवर, वायर जिथे घुसते तिथे एक छोटासा काळा खटका होता. मुकादमांनी तो बंद केला, तपकिरी पट्टी मारली आणि अंगठ्याने घासून पक्की केली.

दुसरा नियम चिठ्ठ्यांचा. कंपनीच्या छापील चिठ्ठ्यांचा गठ्ठा त्यांनी निवृत्त होताना सोबत आणला होता. त्यामुळे तासाभरात त्या यंत्रातली एक वायर ‘बेडरूम’ झाली, दुसरी ‘स्वयंपाकघर’ आणि पंखा ‘माळा’. जिच्यात कोडी होती ती हार्ड डिस्क ‘नाजूक’ आणि ‘ही बाजू वर’ अशा दोन चिठ्ठ्या लावून बाईंच्या शालीत गुंडाळून सोफ्यावर निजवण्यात आली. तिसरा नियम : जुन्या घरात काही मागे ठेवायचं नाही. रिकाम्या कॅबिनेटच्या मागच्या भिंतीत पत्र्याची एक पातळ, भोकाभोकांची पट्टी अडकली होती. तीही त्यांनी दाबून बाहेर काढली, टेबलाच्या कडेला ठेवली आणि चहा आला तेव्हा कप तिच्यावर ठेवला.

नव्या घराची पाहणी करताना तळाशी पितळी खुंट्या दिसल्या. मदरबोर्ड, म्हणजे सगळं ज्याला जोडायचं ती पाटी, थेट पत्र्यावर न टेकवता या खुंट्यांवर ठेवायची, हे त्यांना कोणी सांगावं लागलं नाही. कपाटही कधी थेट फरशीवर ठेवत नाहीत, खाली ठोकळे देतात. “बनवणारा माणूस घरं हलवणाऱ्यातलाच असणार,” ते गॅलरीच्या दिशेने म्हणाले. तिकडून सुयांचा आवाज तेवढा आला.

दुपार कलली तेव्हा ‘बेडरूम’ला ‘बेडरूम’ आणि ‘माळ्या’ला ‘माळा’ मिळाला होता. काच लागली. जुन्या घरातून आलेलं बिऱ्हाड नव्या घरात काचेआडून दिसत होतं. बाई आत आल्या, सवयीने सुई पुढे केली, मग ओशाळून बोटाने बटण दाबलं.

काही झालं नाही.

मुकादमांनी दाबलं. काही झालं नाही. त्यांनी भिंतीतला प्लग काढून घातला, काच उतरवली, प्रत्येक वायर उपटून पुन्हा बसवली आणि बटण बराच वेळ दाबून धरलं. नवं घर गप्प. जुनं निदान घरघरायचं तरी.

मुकादम सोफ्यावर बसले. त्यांचे हात मांडीवर पडले होते, दुसऱ्या कोणाचे असावेत तसे.

“अगं, मघाशी काही फुटल्याचा आवाज आला होता का तुला?”

बाईंनी सकाळपासून चार टोमणे घासूनपुसून तयार ठेवले होते. नवऱ्याचा चेहरा पाहून त्यांनी ते चारही गिळले.

“आवाज फक्त तुमचाच येत होता,” त्या म्हणाल्या, आणि मुकाट्याने कागद घेऊन पट्टीने चौकोन आखायला बसल्या. निम्मं कोडं आठवलं. उरलेल्या निम्म्याच्या जागी त्यांना गाद्याच दिसू लागल्या. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली आणि मुलीला फोन लावून नवऱ्याच्या हाती दिला.

“बाबा, मोठा प्लग मदरबोर्डला घट्ट बसलाय?”

“बसलाय. दोनदा बसवला.”

“पुढच्या बटणाच्या वायरी?”

“सोडवण्याआधी काढलेला फोटो बघून लावल्यात. ‘स्वयंपाकघरा’त.”

“काय?”

“लावल्यात गं.”

“बरं. मागचा खटका बघितलात?”

मुकादमांचा आवाज सकाळनंतर पहिल्यांदा भरदार झाला. “त्याची काळजी नको. तो सगळ्यात आधी बंद केलाय. वर पट्टीसुद्धा मारली आहे. कोणाच्या बापाच्याने चालू होणार नाही.”

बाईंनी मान वर केली.

“बाबा,” मुलगी अगदी हळू म्हणाली, “पट्टी काढा.”

पट्टी सहजी निघेना. ती मुकादमांनी मारलेली होती. अखेर विणायच्या सुईने तिचं टोक उचकटलं, खटका चालू झाला, आणि बटण दाबताच काचेआड ‘माळा’ गरगर फिरू लागला. पडद्यावर कोडं जसंच्या तसं आलं, ‘ही बाजू वर’. बाईंनी नजरबिजर न फिरवता ते पाठवून दिलं. घड्याळाकडे दोघांनीही बघितलं नाही. कचेरीतून ‘मिळालं’ असं उत्तर आलं, तेव्हा मुकादमांनी श्वास सोडला.

“म्हणजे फुटलं काहीच नाही,” ते म्हणाले.

“काहीच नाही.”

“हं. तुला एक सांगू? कपांचं कसं असतं...”

कपाचा विषय निघाला म्हणून बाईंनी टेबलावरचा कप उचलला. खाली ती भोकाभोकांची पत्र्याची पट्टी होती.

“अहो, हे काय उरलंय?”

मुकादम बघत राहिले. हाताखालच्या माणसांना त्यांनी आयुष्यभर एकच गोष्ट दरडावून सांगितली होती : उरलं म्हणजे विसरलं. त्यांनी पट्टी कॅबिनेटच्या मागे धरून पाहिली. तिची जागा तिथे होती, पण ती आतून बसणारी, मदरबोर्डच्याही आधी. म्हणजे पुन्हा सगळं बाहेर.

“राहू द्या हो,” बाई म्हणाल्या. “चालतंय ना? भिंतीकडची बाजू, कोण बघतंय?”

“मी.”

त्यांनी चादर झटकून पुन्हा अंथरली आणि सवयीने म्हणाले, “तू बाहेर जा.”

“आता मालक कुठेही जाणार नाही,” बाई म्हणाल्या. चिकटपट्टीचं वेटोळं त्यांनी आपल्या विणकामाच्या पिशवीत टाकलं, पिशवी मांडीखाली घेतली, आणि टॉर्च धरून समोर बसल्या.